नातवाच्या काचेच्या समुद्रातले अनोळखी जीव



पीठ किती दिवस ठेवायचं, पाणी कसं गाळायचं, पावसाळ्यात डाळींना पोरकिडे लागू नयेत म्हणून काय करायचं, हे सगळं मी इथे लिहिलेलं आहे. आज जे लिहिणार आहे ते वाचून तुम्ही म्हणाल, सांगलीच्या बाईला समुद्राचं काय पडलंय? मला तरी कुठे वाटलं होतं!

मे महिन्यात लेकीकडे न्यू जर्सीला गेले. आमचे हे द्राक्षबाग सोडून यायला तयार नव्हते, म्हणून एकटीच. लेक आणि जावई दोघं नोकरीला, नातू तेरा वर्षांचा. दिवाणखान्यात टीव्हीच्या जागी एक काचेची पेटी. दीडशे लिटर खारं पाणी, एका लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम मीठ, बाराही महिने पंचवीस-सव्वीस अंश तापमान. आत दगडांची रास, दगडांवर मऊ पोवळी, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची दोन मासळी, एक जांभळा-पिवळा मासा आणि शंखांच्या गोगलगायी. पाणी उडून गेलं की वरून साधं शुद्ध पाणी घालायचं, खारं नाही, कारण मीठ उडत नाही, पाणीच उडतं. हा हिशेब मला पहिल्याच दिवशी पटला. उन्हात ठेवलेल्या लोणच्याच्या खाराचं तेच होतं.

खरं सांगू, मला ती पेटी आवडली नव्हती. पंचेंद्रिय जीव शोभेसाठी कोंडून ठेवायचे, आणि त्यांना खायला काय, तर गोठवलेले बारीक झिंगे. मी लेकीला स्पष्ट म्हणाले, "हे माझ्या हातून होणार नाही." मग सुक्या गोळ्यांचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवसांनी चष्मा लावून डबी वाचली, तर पहिलाच घटक माशांची पूड! काय करता? पेटी घरात आली तेव्हाच दोष आला होता. आता आतल्यांना उपाशी ठेवून तो उतरणार नव्हता.

जूनमध्ये नातवाचा वाढदिवस झाला. त्याला एका दुकानातून झोअँथिड नावाच्या पोवळ्याचा तुकडा मिळाला, छोट्या दगडावर चिकटवलेला. हिरव्या-केशरी बटणांसारखी दहा-बारा तोंडं. नवीन तुकडा काही आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवून बघावा असा नियम आहे म्हणे, पण वाढदिवसाचा उत्साह! तो तुकडा त्याच संध्याकाळी पेटीत गेला.

मी पहाटे चारला सामायिकाला उठते. दिवाणखान्यातूनच जावं लागतं. एकदा अंधारात सहज टॉर्च मारली आणि थबकलेच. दिवसा जिथे नुसता दगड दिसायचा, तिथे गर्दी होती! दगडाच्या फटीतून बोटभर लांबीचे गुलाबी-तपकिरी किडे अर्धे बाहेर आलेले, दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांचे झुपके. काचेवर नखाएवढे चांदण्यांच्या आकाराचे जीव, एकाचे पाय पाच, दुसऱ्याचे सहा, त्यातले दोन लांब आणि बाकीचे खुरटलेले. मोटरच्या मागे तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या वेटोळ्या, शेकड्यांनी. आणि नव्या तुकड्याच्या शेजारी एक तपकिरी, काचेसारखं आरपार दिसणारं फूल. मी जवळ गेले तशी त्याने पापणी मिटावी तसं अंग आत ओढलं.

त्या दिवशी सामायिकात मन लागलं नाही. प्रतिक्रमणात आपण रोज बेइंद्रिय, तेइंद्रिय अशी जीवांची नावं घेतो. तोंडाने घेतो हो. समोर उभे राहून ते आपल्याकडे बघतात असं कधी झालं होतं का?

सकाळी मी नातवाला सांगितलं. तो खूश झाला आणि जावई घाबरले. "आई, ही सगळी कीड आहे. दगड बाहेर काढतो आणि एकदा उकळत्या पाण्यात घालतो. मोठं पातेलं द्या." मी म्हटलं, माझं पातेलं मिळणार नाही. पण मुद्दा माझ्या पातेल्याचा राहिलाच नाही, कारण नातू ओरडला, "बाबा, नको!" झोअँथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. असा दगड उकळला तर ते वाफेबरोबर हवेत येतं आणि घरातली माणसं श्वास कोंडून दवाखान्यात जातात. असं खरोखर घडलेलं आहे. ज्यांच्या घरी अशी पेटी असेल त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा. हा दगड उकळायचा नाही, ब्रशने घासायचा नाही, आणि हातमोज्याशिवाय हाताळायचा नाही.

तेव्हा मला आमच्या ह्यांची गोष्ट आठवली. बऱ्याच वर्षांपूर्वी बागेत पिठ्या ढेकूण आला होता. वेलीच्या सालीखाली पांढरा कापूस. कुणीतरी सांगितलं म्हणून ह्यांनी मित्रकिडे आणून सोडले, क्रिप्टोलिमस नावाचे भुंगे. पंधरा-वीस दिवसांनी बघतात तर पांढरे किडे वाढलेले, आणि चांगले मोठाले. "भुंगे गेले वाया" म्हणून गड्याने फडक्याने पुसून काढले. नंतर कळलं, ती त्या भुंग्यांचीच पिल्लं होती! अंगावर तसलाच मेणचट कापूस घेऊन पिठ्या ढेकणातच फिरतात आणि त्यालाच खातात. तेव्हापासून हे सगळ्यांना सांगतात, आधी पान उलटून बघ, मग पंप उचल.

मी नातवाला म्हटलं, वही आण.

त्या वहीत आम्ही रकाने पाडले. कुठे दिसला, दिवसा की रात्री, काय खाताना दिसला, हात नेल्यावर काय करतो. शेवटचा रकाना माझ्या आग्रहाने, इंद्रिये किती. नातू पुस्तकं आणि फोटो शोधायचा, मी बघायचे. लाल कागद लावलेल्या टॉर्चने बघितलं की ते कमी बिचकतात, ही युक्ती त्याची. स्टूल टाकून मी अर्धा अर्धा तास बसायचे. लेक म्हणायची, "आई, तू अमेरिकेला आलीस की पेटीला?"

पांढऱ्या वेटोळ्या पहिल्या सुटल्या. त्या बारीक नळीत राहणाऱ्या किड्यांच्या, पाण्यातला गाळ खाणाऱ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मोटरच्या आडोशाला इवल्या फुलदाण्यांसारखं जे काही होतं ते स्पंज निघालं, तेही निरुपद्रवी. चांदण्यांबद्दल लोकांत दोन मतं आहेत, त्यांतल्या बहुतेक काचेवरची शेवाळाची साय खातात, काही झोअँथिड कुरतडतात असा संशय आहे. आम्ही दहा रात्री पाळत ठेवली. आमच्या चांदण्या काच सोडून कुठे गेल्या नाहीत. निर्दोष.

केसाळ किड्यांवर मात्र खटला चालला. एक शंख सरळ करायला मी हातमोजा न घालता हात घातला आणि बोटाला कुसळं लागली. निवडुंगाची बारीक लव शिरावी तसं. चिकटपट्टी लावून ओढली तेव्हा निघाली, पण दोन दिवस बोट ठणकलं. जावई म्हणाले, आता तरी मारू या. मी म्हटलं, त्याच्या घरात हात मी घातला. आगकिडा म्हणून त्यांचा एक जाडजूड भाऊबंद असतो, तो पोवळी खातो, पण हे ते नव्हेत. हे खाली पडलेलं उष्टं आणि मेलेलं खातात. म्हणजे झाडूवालेच. आणि ते फार वाढले असतील तर त्याचं कारण एकच, घरात उष्टं फार पडतंय.

नातवाने माझ्याकडे बघितलं. गोळ्या कोण घालत होतं? मी! चिमटीभर घालायच्या तिथे मूठभर नाही, पण "बिचारे दोन घास जास्त खातील" असं म्हणून जरा सढळ हाताने. माझ्या आईने मला शिकवलं, पिठाची मर्यादा थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. कशाला? तर त्यात जीव पडू नयेत, आणि पडले की मारायची वेळ येऊ नये. हे सगळ्यांना सांगणारी मी दुसऱ्याच्या पेटीत महिनाभर अन्न कुजवत होते. गोळ्या निम्म्या केल्या. तीन-चार आठवड्यांत किडे आपोआप कमी दिसायला लागले.

राहिलं ते तपकिरी फूल. त्याचं नाव एप्टेशिया. एक जातीचं समुद्रफूल. आरपार तपकिरी अंग, लांब बारीक टोकदार बोटं, चाहूल लागली की क्षणात आत. पोवळ्यांच्या पेट्या ठेवणारे लोक याच्या नावाने कडाकडा बोटं मोडतात. बोटांत दंशाच्या पेशी असतात, शेजारच्या पोवळ्याला डंख मारून ते जागा बळकावतं. आमच्या झोअँथिडची त्या बाजूची चार बटणं मिटलेलीच होती, ती उघडेनात.

आता इथे मी केलेली चूक लिहिते. फूल एकच मोठं होतं आणि त्याच्या पायाशी चार पिल्लं. नातू शाळेत, घरी कुणी नाही. मी विचार केला, मारायचं कशाला, उचलून दुसऱ्या बरणीत ठेवू. आपण विहिरीचं पाणी गाळून गाळण्यातले जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडायचो, जिवाणी म्हणायचो, तसंच. जुनं प्लास्टिकचं कार्ड घेतलं, हातमोजे घातले आणि अलगद खरवडलं. मोठं फूल बरणीत आलं. मला फार समाधान वाटलं. त्या दिवशी फोनवर ह्यांनाही सांगितलं.

दोन आठवड्यांनी नातवाने मोजले, अठरा.

एप्टेशियाच्या पायाचा कण जरी मागे राहिला तरी त्यातून नवं फूल उगवतं. ते स्वतःच चालताना पायाचे कण मागे सोडत जातं आणि तसंच वाढतं. मी दया म्हणून जे केलं, त्याने एकाचे तीन-चार केले. झोअँथिडची आता सातच तोंडं उघडी राहिली होती. नातू काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मग घरात रोज रात्री चर्चा. उपाय पुष्कळ आहेत. एका जातीचा पट्टेरी झिंगा हे फूल खातो. बर्गिया नावाची, शंख नसलेली एक समुद्री गोगलगाय तर एप्टेशियाशिवाय दुसरं काही खातच नाही. जावई म्हणाले, "मग आई, आपण मारायला नको. निसर्ग बघून घेईल." मी म्हटलं, कृत, कारित, अनुमोदित तिन्ही सारखंच मोजतात. पैसे देऊन मारेकरी आणायचा आणि आपण सोवळ्यात बसायचं होय? शिवाय फुलं संपली की ती गोगलगाय उपाशी मरणार. म्हणजे तिचंही आपल्याच खात्यावर.

जावई वकील नाहीत, पण त्या दिवशी वकिलासारखे बोलले. "गृहस्थाला संकल्पी हिंसा वर्ज्य, विरोधी हिंसा नाही. घरावर चालून आलेल्याला अडवायला परवानगी आहे. बागेवर बाबा फवारणी करतातच ना?" खरं आहे. बागेच्या फवारणीवर शिकलेल्या मुलीच्या घरात बसून मी शुद्धतेच्या गप्पा मारत होते. पण विरोधी म्हणजे चालून आलेला. हे फूल चालून आलं होतं का? ते कुठल्या तरी उष्ण समुद्रातून दगडाला चिकटून दुकानात आलं, दुकानातून आपण पिशवीत आणलं. बोलावणं आपणच केलं होतं.

नातवाने मध्येच एक गोष्ट सांगितली ती मला फार लागली. ज्याला हे लोक कीड म्हणून मारतात, तेच एप्टेशिया शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत जपून वाढवतात. पोवळ्याच्या पेशींत जे सूक्ष्म शेवाळ राहतं आणि त्याला अन्न पुरवतं, तसलंच याच्याही अंगात राहतं, त्याचा तपकिरी रंग त्यामुळेच. समुद्र तापला की पोवळी ते शेवाळ गमावतात आणि पांढरी पडतात. ते का होतं हे शोधायला हे चिवट फूल उपयोगी पडतं. त्याची सगळी जनुकीय माहिती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. एका घरात कीड, दुसऱ्या घरात पाहुणा.

इंद्रियांच्या रकान्यात त्याच्यापुढे नातवाने "दोन" लिहिलं होतं. स्पर्श आहे, तोंड आहे, म्हणजे चवही असणार. पण पोवळ्याच्या पुढे तो रकाना कोराच होता. आपल्या ग्रंथांत प्रवाळ पृथ्वीकायात मोजलेलं आहे, आणि नातू म्हणतो की तो प्राणी आहे, त्याला तोंड आणि पोट आहे. मला वाटतं खालचा दगड वेगळा आणि वर राहणारा वेगळा, पण हे माझं घरगुती उत्तर झालं. माताजींना विचारायचं ठरवलं आहे.

मी म्हटलं, मग समुद्रातच सोडू या? समुद्रकिनारा गाडीने तासाभरावर होता. नातवाने जोरात मान हलवली. जिवाणी त्याच विहिरीत सोडतात ना आजी? हा समुद्र तो नव्हे. हिंदी आणि पॅसिफिक महासागरातला सिंहमासा असाच अमेरिकेच्या या बाजूच्या समुद्रात आला. १९८५ मध्ये फ्लोरिडाजवळ पहिल्यांदा दिसला, बहुधा कुणाच्या तरी पेटीतलाच, आणि आता तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतो आहे. एकाला सोडायचं आणि हजारांचं मरण मागे लावायचं. म्हणून पेटीतलं पाणीसुद्धा खाडीत ओतत नाहीत.

शेवटी युक्ती लेकीने काढली, जी इतके दिवस आमच्या वादात पडली नव्हती. "आपल्याकडे भाकड गाईंना काय करतात? पांजरपोळ."

माळ्यावर एक जुनी चाळीस लिटरची पेटी होती. तिच्यात मोठ्या पेटीतलंच पाणी भरलं, एक छोटा हीटर, एक छोटी मोटर. अठरांपैकी तेरा फुलं सुट्या लहान दगडांवर होती, ते दगड जसेच्या तसे उचलून तिकडे ठेवले. यावेळी खरवडलं नाही. बरणीतलं मोठं फूलही गेलं. नातवाने पेटीवर पट्टी लावली, मराठीत, "एप्टेशिया पांजरपोळ, न्यू जर्सी".

पाच उरली. ती मधल्या मोठ्या दगडावर, अगदी झोअँथिडला लागून. तो दगड हलवला असता तर सगळी रास कोसळली असती.

त्यांच्यावरचा उपाय चुना. पानाला लावतो तोच, पण शुद्ध, पाण्यात कालवून सुई नसलेल्या पिचकारीने थेट फुलाच्या तोंडात सोडायचा. जावई त्या रात्री मोटर बंद करून तयारीला लागले. मी आतल्या खोलीत जपमाळ घेऊन बसले होते. थोड्या वेळाने दारातून विचारतात, "आई, चुना किती घट्ट कालवू? पातळ झाला तर सगळीकडे पसरेल."

मी म्हणाले, "ताकासारखा नको. इडलीच्या पिठासारखा ठेवा."

माळ हातात होती आणि उत्तर तोंडातून गेलं. घरात कुणीही काही कालवत असलं की मला विचारतात आणि मी सांगते, चाळीस वर्षांची सवय. नंतर बाहेर जाऊन बघितलं. पांढऱ्या गोळ्यांखाली पाच फुलं मिटलेली होती. मी खोलीत असूनसुद्धा त्यातली नव्हते असं आता म्हणता येणार नव्हतं. त्या रात्री प्रतिक्रमणात बेइंद्रियांपाशी आले तेव्हा थांबले, आणि पाच हा आकडा धरूनच पुढे गेले. सप्टेंबरात दशलक्षण पर्व आलं. तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय, दुसऱ्या दिवशी जीवांच्या इंद्रियांचा भाग आला. नातू शेजारी बसून वही चाळत होता. एरवी तो त्या वेळी फोन चाळतो.

झोअँथिडची मिटलेली तोंडं एकेक करून उघडली, दोन सोडून. ती दोन गेलीच. चुना घातलेल्या पाचांपैकी एक फूल महिन्याने त्याच जागी पुन्हा उगवलं. जावई माझ्याकडे बघत होते. मी काही बोलले नाही.

नोव्हेंबरात मी सांगलीला परतले. हे मला विमानतळावरून घरी येईपर्यंत बागेबद्दल सांगत होते आणि मी त्यांना पेटीबद्दल. रविवारी सकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल असतो. मागच्या रविवारी नातवाने पांजरपोळ दाखवलं. चौदाची एकेचाळीस झाली आहेत. काच अपुरी पडते आहे, अन्नही वाढवावं लागतंय. जवळच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला हवी आहेत का, ते तो विचारून बघणार आहे. मी म्हटलं, तिथे त्यांचं काय करतील ते आधी विचार.

मग त्याने फोन मोठ्या पेटीच्या काचेला लावला. "आजी, हे बघ, काल रात्री दिसलं. पांढरं, चपटं, करंगळीच्या नखाएवढं. बाबा म्हणतात काढून टाकू."

चित्र हलत होतं, मला नीट दिसेना. मी चष्मा पुसला आणि विचारलं, "सरकतं का रे? कुठल्या बाजूने आधी सरकतं, ते बघितलंस का?"